पृष्ठभागाची पारख

रायपूरच्या बूढा तलावाच्या काठी संध्याकाळी उभे राहिले की एक साधी गोष्ट नजरेस पडते. या तलावाला आता विवेकानंद सरोवर असे नाव मिळाले आहे. पण गावातली जुनी माणसे, आणि त्यांत आम्ही तात्यापाऱ्याकडची मराठी माणसेही आली, अजून त्याला बूढा तलावच म्हणतात. पलीकडच्या काठावरचे दिवे लागले की प्रत्येक दिव्याची एक लांब उजळ रेघ पाण्यावर उतरते. वारा पडलेला असेल तर ती रेघ सरळ, अखंड असते. हलकीशी झुळूक आली की तिला आधी बाक येतो, मग ती तुटते, आणि शेवटी तिचे तुकडे होऊन विखुरतात. नुसत्या पाण्याकडे पाहून त्यावर लहर आहे की नाही हे दुरून सांगणे कठीण. दिव्याची रेघ मात्र लगेच चुगली करते.

आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, त्याचे सार या एका दृश्यात आहे. संगणकावर एखाद्या वस्तूचा आकार घडविला, तर त्याचा पृष्ठभाग चांगला झाला आहे की नाही हे ओळखावे कसे, हा तो विषय. प्रथमदर्शनी तो फार तांत्रिक वाटेल. पण आपल्या घरातील बादली, भिंतीवरचे विजेचे बटण, मुलाच्या डोक्यावरचे हेल्मेट, दारातल्या स्कूटरचे पत्र्याचे अंग, या सगळ्या वस्तू पोलादी साच्यांतून आलेल्या असतात, आणि तो साचा कोरला जाण्यापूर्वी तिचा आकार संगणकावर तयार झालेला असतो. तेथे राहिलेला दोष साच्यात उतरतो, आणि साच्यातला दोष त्यातून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूत. म्हणून ही पारख वेळेवर होणे महत्त्वाचे.

संगणकापूर्वी हे काम कसे चालत असे? अभियंता फळ्यावर कागद लावून वस्तूचे तीन बाजूंनी तीन आराखडे काढी आणि हवे तेथे छेद दाखवी. वक्र भागाचे मोजके छेद तेवढे कागदावर येत. दोन छेदांच्या मधला आकार लाकडी नमुना घडविणाऱ्या कारागिराच्या हातावर सोपविलेला असे. जहाजे बांधणारे लोक लांब, लवचिक लाकडी पट्टी घेत, तिला जागोजाग शिशाच्या वजनांनी अडकवीत आणि ती पट्टी आपोआप जो बाक घेईल तो जमिनीवर रेखीत. पट्टी स्वतःला कमीत कमी ताण पडेल असाच वाकते. त्यामुळे तिने काढलेली रेघ डोळ्यांना सुखद वाटे. इंग्रजीत या पट्टीला स्प्लाइन म्हणत. पुढे गणितज्ञांनी तोच शब्द उचलला आणि १९४६ साली शोएनबर्ग यांनी त्या नावाने वक्रांची एक संपूर्ण उपपत्ती मांडली.

मोटारींच्या कारखान्यांना मात्र रेघ पुरेशी नव्हती. त्यांना सबंध पृष्ठभाग आकड्यांत हवा होता. पॅरिसमधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलज्यो यांनी १९५९ च्या सुमारास त्याची एक सुंदर रीत शोधून काढली. कंपनीने ती गुपित ठेवली. त्याच देशातील रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे तीच वाट चोखाळली आणि ती प्रसिद्धही केली; त्यामुळे त्या वक्रांना बेझिए यांचे नाव मिळाले. रीत अशी, की पृष्ठभागाच्या आसपास काही मोजके बिंदू ठेवावयाचे. पृष्ठभाग त्या सर्व बिंदूंतून जात नाही, पण प्रत्येक बिंदू त्याला आपल्याकडे ओढतो, जसा चारी बाजूंनी धरलेल्या चादरीचा एक कोपरा उचलला तर सारी चादर थोडीथोडी त्या बाजूला झुकते. बिंदू हलविला की आकार बदलतो. आणि बिंदूंचे आकडे ठाऊक असले की आकार तंतोतंत पुन्हा उभा करता येतो. आजचे सारे संगणकीय आरेखन या कल्पनेच्या विस्तारावर उभे आहे.

परंतु मोटारीचा दरवाजा किंवा साधे झाकणसुद्धा अशा एकाच पृष्ठभागात बसत नाही. ते अनेक तुकड्यांचे करावे लागते. आपल्याकडे जुनी लुगडी जोडून वाकळ शिवतात, तसाच हा प्रकार. वाकळीचा कस जसा शिवणीत लागतो, तसा संगणकीय आकाराचाही कस मुख्यतः तुकड्यांच्या सांध्यांवर लागतो.

सांध्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी ही, की दोन तुकडे एकमेकांना भिडलेले असावेत. मध्ये फट नसावी. हिला स्थानाची सलगता म्हणू. घराच्या दोन भिंती कोपऱ्यात भिडतात त्या एवढ्याच अर्थाने. दुसरी पायरी ही, की भिडण्याच्या जागी दोघांची दिशा एक असावी. कोपरा राहू नये. ही स्पर्शिकेची सलगता. तिसरी पायरी अधिक सूक्ष्म आहे. दिशा एक असावीच, पण वक्रताही एक असावी. म्हणजे सांध्याच्या अलीकडे पृष्ठभाग जितका वाकत होता तितकाच तो पलीकडेही वाकत असावा. ही वक्रतेची सलगता.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीतला फरक शब्दांनी सांगणे कठीण जाते, म्हणून रेल्वेचे उदाहरण घेऊ. नागपूरहून रायपूरकडे येताना सालेकसा, दरेकसा या बाजूच्या डोंगराळ मुलखात गाडी बरीच वळणे घेते. समजा, सरळ रूळ संपला आणि त्याला लागूनच वर्तुळाचा कंस जोडून दिला. सांध्यावर कोपरा नाही; दोन्हींची दिशा अगदी एक आहे. तरीसुद्धा गाडी त्या जागी येताच प्रवासी एका बाजूला फेकले जातील. कारण सरळ रुळाची वक्रता शून्य, आणि कंसाची वक्रता त्याच्या त्रिज्येनुसार ठरलेली. एका क्षणात शून्यावरून ती त्या मापावर उडी घेते. बाजूला ढकलणारा जोर वक्रतेच्या प्रमाणात असल्यामुळे तोही तशीच उडी घेतो. हे टाळण्यासाठी रेल्वेचे अभियंते सरळ रूळ आणि कंस यांच्यामध्ये एक संक्रमण वक्र घालतात. भारतीय रेल्वेत यासाठी घन परवलय या वक्राचा उपयोग होतो. त्यात वक्रता शून्यापासून हळूहळू वाढत जाते आणि प्रवाशाला वळण लागल्याचे कळतही नाही. १९५९ पासून चालू असलेला भिलाईचा पोलाद कारखाना आमच्या शेजारचा. देशभराच्या लोहमार्गांना तो रूळ पुरवितो. पण रूळ कितीही उत्तम असला तरी तो कोणत्या रेषेने अंथरला आहे, यावर प्रवासाचे सुख अवलंबून असते.

आता कोणी विचारील, गाडीत धक्का बसतो हे खरे. पण झाकणावर कोणी प्रवास करीत नाही. तेथे वक्रतेने उडी घेतली म्हणून काय बिघडले? याचे उत्तर असे, की झाकणावरून आपली नजर प्रवास करीत असते. एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८६५ साली एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. छाया हळूहळू गडद होत असेल आणि एका जागी तिच्या बदलण्याचा वेग एकदम पालटत असेल, तर आपल्या डोळ्याला तेथे एक उजळ किंवा काळी रेघ दिसते. प्रकाश मोजण्याच्या यंत्राला तशी रेघ सापडत नाही. ती डोळ्याच्या रचनेतून जन्मते. वक्रतेची उडी जेथे असते तेथे छाया तुटत नाही, पण तिचा वेग पालटतो. आणि डोळा नेमका त्याच पालटावर बोट ठेवतो.

हे मी पुस्तकात वाचले होते. पण त्याचा अर्थ कळला तो स्वतःच्या चुकीतून. काही वर्षांपूर्वी येथल्या एका लहान कारखान्यासाठी मी पाण्याच्या मोटारीच्या स्विचपेटीचे प्लास्टिकचे झाकण संगणकावर आखले. वरचा भाग सपाट, कडेला ५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई, आणि खाली उतरत्या बाजू. पडद्यावर ते तुकतुकीत दिसत होते. सर्व मापे तपासली; ती बिनचूक होती. पोलादाचा साचा कोरला गेला, झिलई झाली, आणि पहिली झाकणे हाती आली. झिलई करणाऱ्या वयस्क कारागिराने त्यांतले एक उचलले, उघड्या ट्यूबलाइटखाली धरले, सावकाश कलविले आणि तो म्हणाला, “साहेब, खांद्यावर रेघ आहे. ही पॉलिशने जाणारी नाही. ही आकारातच आहे.”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. सपाट भागाची वक्रता शून्य, गोलाईची एक पंचमांश. आणि मी रेल्वेचा तो कच्चा सांधाच झाकणाच्या चारी कडांना घालून ठेवला होता. गोलाई अधिक मऊ करावयाची तर झाकणाच्या खांद्यावरचे प्लास्टिक थोडे कमी व्हावयास हवे, म्हणजेच साच्याच्या त्या कोपऱ्यात तेवढे पोलाद वाढावयास हवे. साच्यातले पोलाद कमी करणे सोपे असते. ते वाढविणे महाकठीण. वेल्डिंग करून भर घातली तरी तिचा डाग झिलईखाली पुन्हा डोके वर काढतो. अखेर साच्याचा तो भाग नव्याने करावा लागला. मोठ्या कंपनीला असा खर्च जाणवत नाही. पण उरला किंवा सिलतरा भागातल्या लहान कारखानदाराचे साऱ्या वर्षाचे गणित अशा एका साच्यावर ठरते. पडद्यावर जी गोष्ट दहा मिनिटांत दुरुस्त झाली असती, तिच्यासाठी दुसऱ्याच माणसाला किंमत मोजावी लागली, ही खंत मला अजून आहे.

मग पडद्यावर ती रेघ मला का दिसली नाही? याचेही कारण समजून घेण्याजोगे आहे. संगणक वक्र पृष्ठभाग जसाच्या तसा रंगवीत नाही. तो त्याचे बारीक बारीक सपाट त्रिकोण करतो आणि तेच पडद्यावर मांडतो. हे त्रिकोण उघडे दिसू नयेत म्हणून १९७१ साली आंरी गुरो यांनी एक युक्ती काढली. त्रिकोणाच्या टोकांवरील छायेवरून मधली छाया हिशेबाने भरून काढावयाची, म्हणजे सारे एकजीव भासते. चित्राच्या दृष्टीने ही फार मोलाची युक्ती आहे. परंतु परीक्षकाच्या दृष्टीने ती फसवी ठरू शकते. खरा दोष ती झाकून टाकते. आणि त्रिकोण जाड असले तर जो दोष नाहीच तो कधीकधी दाखविते. म्हणून पारख करण्यापूर्वी चित्राचे त्रिकोण पुरेसे बारीक करून घ्यावेत, आणि नुसत्या तुकतुकीत चित्रावर कधीही विसंबू नये, हा पहिला नियम.

आता प्रत्यक्ष कसोट्यांकडे वळू. पहिली कसोटी आपल्या तलावावरच्या दिव्यांचीच आहे. संगणकाला सांगावयाचे, की ही वस्तू आरशासारखी चकचकीत आहे आणि तिच्याभोवती काळेपांढरे पट्टे लावले आहेत असे समज. लगेच पृष्ठभागावर त्या पट्ट्यांची प्रतिबिंबे उमटतात. झेब्र्याच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखे हे चित्र दिसते, म्हणून त्याला झेब्रा कसोटी म्हणतात. ते वाचण्याची रीत सोपी आहे. सांध्यावर पट्टे तुटून एकमेकांपासून सरकले असतील, तर तुकडे केवळ भिडले आहेत. पट्टे जुळले असतील पण तेथे त्यांना कोन पडला असेल, तर दिशा जुळली आहे, वक्रता जुळलेली नाही. आणि पट्टे सांधा असल्याचे जाणवूही न देता सहज पार होत असतील, तर वक्रताही जुळली आहे. माझ्या झाकणाला ही कसोटी लावली असती, तर खांद्यावर प्रत्येक पट्ट्याला कोन पडलेला स्पष्ट दिसला असता.

प्रतिबिंब इतके तीक्ष्ण परीक्षक का असते? आरसा जितक्या अंशांनी कलतो त्याच्या दुप्पट अंशांनी परावर्तित किरण वळतो. पृष्ठभाग एका अंशाच्या केवळ दहाव्या भागाने कलला, तरी ३ मीटर दूरच्या भिंतीवर त्याचा कवडसा सुमारे १ सेंटिमीटर सरकतो. एवढा कल हाताला लागत नाही. प्रतिबिंबात तो लपत नाही. मोटारींच्या कारखान्यांत रंग दिलेली गाडी ट्यूबलाइटच्या लांब रांगांखालून नेतात ती याचसाठी. आणि आपला तांबटही घडविलेले भांडे उजेडात फिरवून पाहतो ते याच कारणाने.

दुसरी कसोटी कंगव्याची. पृष्ठभागावर एखादी रेघ निवडावयाची आणि तिच्या प्रत्येक बिंदूवर वक्रतेच्या प्रमाणात लांबीचा एकेक केस काटकोनात उभा करावयाचा. केसांच्या टोकांची जी ओळ तयार होते ती वक्रतेची कहाणी सांगते. ओळ संथपणे चढत उतरत असेल तर पृष्ठभाग निर्दोष. ती मधेच एकदम उडी घेत असेल तर तेथे वक्रता तुटली आहे. आणि ती सारखी वरखाली थरथरत असेल तर पृष्ठभागात बारीक लहरी आहेत. अशा लहरी बहुधा गरजेपेक्षा जास्त नियंत्रक बिंदू वापरल्याने येतात. नवखा आरेखक आकार जमत नाही असे दिसले की आणखी बिंदू घालतो. जाणता आरेखक आधी आहेत त्यांतले कमी करून पाहतो.

तिसरी कसोटी रंगांची, आणि तिचे मूळ थोर आहे. १८२७ साली गाउस या जर्मन गणितज्ञाने वक्र पृष्ठभागांवर एक निबंध लिहिला. पृष्ठभागाच्या एका बिंदूपाशी निरनिराळ्या दिशांनी निरनिराळी वक्रता असते. त्यांतील सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान घेऊन त्यांचा गुणाकार केला, तर त्या बिंदूची स्वतःची एक खूण मिळते. चेंडूवर हा गुणाकार धन येतो, कारण दोन्ही वक्रता एकाच बाजूच्या असतात. घोड्याच्या खोगिरावर तो ऋण येतो. लाटण्यावर तो शून्य येतो, कारण लांबीच्या दिशेने लाटणे वाकलेलेच नसते. गाउसने सिद्ध केले, की पृष्ठभाग ताणला किंवा आकसला नाही, तर केवळ वाकविल्याने हा गुणाकार बदलत नाही. स्वयंपाकघरात याचा पडताळा येतो. कागद लाटण्याभोवती नीट गुंडाळता येतो. नारळाभोवती गुंडाळू पाहाल तर त्याला चुण्या पडतातच. संगणक या गुणाकाराप्रमाणे पृष्ठभाग रंगवितो. जेथे रंग सावकाश पालटतात तेथे चिंता नाही. जेथे एखादा परका रंग बेटासारखा उगवतो तेथे खड्डा किंवा उंचवटा दडलेला असतो. शिवाय पत्रा कोठे नुसता वाकवून भागेल आणि कोठे तो ताणावा लागेल, हेही यावरून समजते.

चौथी कसोटी दिसण्याची नसून निघण्याची आहे. कुल्फीचा साचा वर रुंद आणि खाली निमुळता असतो; तो सरळ नळकांड्यासारखा असता तर कुल्फी सहज बाहेर आली नसती. प्लास्टिकच्या वस्तूच्या उभ्या बाजूंनाही असाच थोडा, सामान्यतः एकदोन अंशांचा, उतार द्यावा लागतो. जेथे तो अपुरा आहे तो भाग संगणक वेगळ्या रंगात दाखवितो. हे पाहिले नाही तर वस्तू साच्यात घासत निघते आणि उत्तम पृष्ठभागावर ओरखडे येतात.

या कसोट्यांपैकी एकही एकटी पुरेशी नाही. झेब्रा सांध्यातला दोष दाखवील, पण त्याचे माप देणार नाही. कंगवा माप देईल, पण निवडलेल्या रेघेपुरतेच. आणि शेवटचा निर्णय माणसालाच करावा लागतो, कारण कोठे सलगता हवी आणि कोठे नको हे संगणकाला ठाऊक नसते. आमच्या बस्तरमध्ये कोंडागावचे घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या गुंडाळून मूर्ती घडवितात. मग तिच्यावर मातीचे कवच चढवून मेण वितळवितात आणि त्या जागी पितळ ओततात. त्या मूर्तीवर प्रत्येक दोरीचा वळ उमटलेला असतो, आणि तीच तिची शोभा असते. तिला झेब्रा कसोटी लावणे हास्यास्पद ठरेल. दोष तो, जो करणाऱ्याच्या मनात नसताना वस्तूत आला. माझ्या झाकणावरची रेघ दोष होती, कारण ती मी काढलेली नव्हती.

१९५६ साली रायपुरात खाणकाम व धातुशास्त्र यांचे शासकीय महाविद्यालय निघाले. आज ते राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. प्लास्टिकचे तंत्र शिकविणारी सीपेट ही केंद्र सरकारची संस्थाही येथे आहे. अशा ठिकाणी शिकणारी मुले आता पहिल्या वर्षापासून संगणकावर आकार घडवितात, आणि त्यांचा हात आमच्यापेक्षा पुष्कळ चपळ आहे. त्यांना माझे सांगणे एवढेच, की आकार पूर्ण झाला असे वाटले की पट्टे लावून पाहा, कंगवा लावून पाहा, आणि मग झिलई करणाऱ्या एखाद्या जुन्या कारागिराला बोलावून तो पडदा दाखवा. तो काय म्हणतो ते ऐकून घ्या.

आणि श्रोतेहो, आपणांस संगणकाची गरजच नाही. आज रात्री जेवण्यापूर्वी स्टीलचे रिकामे ताट ट्यूबलाइटखाली धरा आणि सावकाश कलवा. दिव्याची रेघ मधल्या सपाट भागावरून काठाकडे सरकू लागेल. जेथे ती सरळ आहे, जेथे तिला कोन पडतो आणि जेथे ती अकारण थरथरते, त्या जागा नीट पाहा. ज्याने ते ताट घडविले त्याचे काम कोठे साधले आणि कोठे राहून गेले, हे ती रेघ आपल्याला सांगेल.